दगड न उलटता

पहिल्या खेपेला मी सगळं उलटंच केलं. जुलैतली दुपार, आठवडाभर पावसाचा थेंब नाही, आणि मी अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानातल्या एका ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून एकामागून एक दगड पालथे घालत होते. तासाभरात दोन झिंग्यासारखे क्रेफिश सापडले, एक पाणकिडा सापडला आणि माझ्या अंगठ्याचं नख गेलं. ज्या पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यासाठी ही सगळी खटपट होती, तो सॅलॅमँडर एकही नाही.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहतो. तिथून चेरोकी गावाच्या बाजूने या राष्ट्रीय उद्यानात पोचायला पाचेक तास लागतात. खूळ लेकीचं होतं. या डोंगरांना ‘जगाची सॅलॅमँडर राजधानी’ म्हणतात आणि उद्यानात त्यांच्या 30 जाती आहेत, हे तिने कुठल्याशा पाटीवर वाचलं होतं. आठ वर्षांच्या मुलीचं गणित सरळ असतं. तीस जाती आहेत, म्हणजे एक तरी दिसणारच. खरं सांगायचं तर माझंही गणित तेच होतं.

मी दगड उलटत होते तोवर लेकीने दुसऱ्या दोन पोरांना गोळा करून ओढ्यात दगडांचा बांध घालायला घेतला होता. बांध चांगला वीतभर वर आला आणि तेवढ्यात गणवेशातला एक रेंजर काठावर येऊन उभा राहिला. काय शोधताय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. बूट काढून पाण्यात उतरला आणि मुलांना हाताशी घेऊन एकेक दगड परत खाली ठेवायला लागला. ठेवता ठेवता त्याने हेलबेंडरची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतला वजनाने सगळ्यात मोठा सॅलॅमँडर, दोन फुटांच्याही वर वाढतो. चपटा, सुरकुतलेला, शेंबड्या अंगाचा. त्याला इथे ‘शेंबडं पाणमांजर’ अशा अर्थाचं टोपणनावही आहे. तो ओढ्यातल्या मोठ्या सपाट दगडाखाली घर करतो आणि शरद ऋतूत नर त्याच दगडाखाली अंड्यांची राखण करत बसतो. कोणी मजेत दगड हलवला की घर गेलं, अंडी गेली, कधी कधी तो स्वतःच चेंगरला. या उद्यानात ओढ्यातले दगड हलवणं बेकायदा आहे, आणि प्राण्याला हात लावणंही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाटी होती म्हणे. मी ती वाचली नव्हती.

परतीच्या पाच तासांत गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

घरी आल्यावर मी वाचायला बसले, आणि पहिल्यांदा कळलं की मी डोक्यात पाल धरून चालले होते. सॅलॅमँडर दिसतो पालीसारखा: चार पाय, शेपूट, लांबट अंग. पण पाल सरपटणारी, अंगावर खवले असलेली. सॅलॅमँडर बेडकाच्या गोतातला, उभयचर. खवले नाहीत, नखं नाहीत, कातडी ओली आणि उघडी. मराठीत त्याला आपलं असं नाव नाही, कारण सह्याद्रीत तो नाहीच. भारतात तो बघायचा तर दार्जिलिंगच्या किंवा ईशान्येच्या बाजूला जावं लागतं. दार्जिलिंगच्या सॅलॅमँडरला 2015 मध्ये स्वतंत्र जात म्हणून टायलोटोट्रायटन हिमालयानस हे नाव मिळालं. उभयचरांचे तीन गण. त्यातले बेडूक आपल्याकडे उदंड आहेत, पाय नसलेलं देवगांडूळही आहे, पण हा शेपटीवाला तिसरा मात्र आपल्या वाट्याला आला नाही.

दुसरी गोष्ट कळली ती फुप्फुसांची. स्मोकीतल्या तीसपैकी चोवीस जातींना फुप्फुसंच नाहीत. ते कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतात. कातडी ओली असेल तरच प्राणवायू आत जातो. सुकली की जीव गुदमरतो. हे वाचल्यावर माझी ती जुलैची दुपार मला निराळी दिसायला लागली. कोरड्या उन्हात तो बाहेर येईल कशाला? तो ओलाव्याला धरून कुठेतरी खोल बसला असणार. आणि कुजलेला ओंडका किंवा दगड उलटला की खाली वर्षानुवर्षं साठलेला तो ओलावाच आपण उघड्यावर टाकतो. दगड परत ठेवला तरी तो आधीसारखा घट्ट बसत नाही.

मग करायचं काय? तर पावसाची वाट बघायची आणि रात्री जायचं. इतकंच. पण हे ‘इतकंच’ मला कोणी शिकवलं असेल तर ते पुस्तकाने नाही, माझ्या बाबांनी.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सावंतवाडी-बेळगाव, आंबोली घाटातून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही गाडीत मागे बसले की उजवा पाय ब्रेक दाबतो. पुढच्या मे महिन्यात ते आमच्याकडे राहायला आले आणि दोन आठवड्यांत कंटाळले. इथे चालायला रस्ता आहे पण बोलायला माणूस नाही, ही त्यांची तक्रार. मी त्यांना लेकीच्या फसलेल्या मोहिमेची हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “अगो, पाऊस खंय होतो? पाऊस नाय तर बेडूक तरी भायर येता काय?”

जूनमध्ये तीन दिवस पावसाचा अंदाज बघून आम्ही मुद्दाम निघालो. लोक ऊन बघून सहलीला निघतात, आम्ही ढग बघून. नवरा म्हणाला, या घरात आता शहाणं माणूस मीच उरलोय, आणि घरीच थांबला.

बाबांची तयारी आंबोलीची होती. खिशात मिठाची पुरचुंडी आणि ओडोमॉसची ट्यूब. “जळवांक,” म्हणाले. मी सांगितलं की इथे आपल्याकडच्यासारख्या पालापाचोळ्यातून पायात शिरणाऱ्या जळवा नाहीत, इथे गोचीड आहे आणि तिचा लाइम नावाचा आजार होतो. तेव्हा विजार मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा. मीठ मात्र काढून घेतलं. ज्याची कातडी म्हणजेच फुप्फुस, त्याच्यासाठी मीठ म्हणजे विष. ओडोमॉसचंही तेच. त्या हाताने चुकून स्पर्श झाला तर औषध थेट अंगात उतरतं. त्यांना ते पटलं, पण ट्यूब त्यांनी गाडीत ठेवली, टाकली नाही.

न्यूफाउंड गॅप ही घाटमाथ्यावरची खिंड 5,046 फुटांवर आहे. 2023 पासून उद्यानात पंधरा मिनिटांहून जास्त गाडी लावायची तर पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो, दिवसाला पाच डॉलर. रानात गाडी लावायला पैसे, यावर बाबांनी जे मत दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वरच्या शिखरांवर वर्षाला पंच्याऐंशी इंच पाऊस पडतो, असं मी जरा कौतुकाने सांगितलं. त्यांनी इंचांचे मिलिमीटर करून घेतले. एकवीसशेच्या आसपास. “आमच्याकडे एवढो जुलयात पडता,” म्हणाले आणि रेनकोटाची टोपी वर ओढली.

अंधार पडला तेव्हा पावसाची रिपरिप चालू होती आणि धुकं इतकं की कपाळावरच्या दिव्याचा उजेड चार हातांवर जाऊन भिंतीसारखा थांबत होता. मी पुढे, लेक मध्ये, बाबा मागे. या उद्यानात सुमारे 1,900 अस्वलं आहेत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यामुळे आमच्या तिघांत घाबरलेली मी एकटीच. अर्धा तास झाला. काही नाही. ओल्या पानांचा ढीग, शेवाळ, मुळं, पुन्हा पानं.

“तू लांब बघतस,” बाबा मागून म्हणाले. “धुक्यात लांब बघलास तर धुकाच दिसता. चाकाच्या पुढचा बघ.”

घाटात धुक्यात गाडी कशी हाणायची याचा तो धडा होता. डोळे रस्त्याच्या कडेला ठेवायचे, बोनेटच्या पुढच्या पाच फुटांवर, आणि वेग इतका कमी की मागचा शिव्या देईल. आम्ही तसं चालायला लागलो. पाऊल टाकायचं, थांबायचं, पायवाटेच्या कडेची माती बघायची, मग पुढचं पाऊल. पन्नास फूट जायला दहा मिनिटं.

आणि मग बाबाच म्हणाले, “थांब. पाय टाकू नको.”

मुळाच्या खाली बोटभर रुंदीचं एक बीळ होतं. त्याच्या तोंडाशी, दोन पुढचे पाय उंबऱ्यावर टेकून माणूस पडवीत बसावा तसा एक जण बसला होता. अंग शिसपेन्सिलीच्या रंगाचं, डोळे काळे आणि फुगीर, आणि दोन्ही गाल लालभडक. कुंकवाची दोन बोटं ओढल्यासारखे. जॉर्डन्स सॅलॅमँडर. जगात फक्त याच डोंगररांगेत आहे. स्मोकीच्या बाहेर कुठेच नाही. मी हे सगळं वाचलं होतं, चित्रं पाहिली होती, तरी तोंडातून शब्द फुटेना. लेक उकिडवी बसली आणि हात पाठीमागे बांधून घेतले. ते मी सांगितलं नव्हतं.

बाबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यो दशावतारातलो राजा मरे. रंग लावन बसलोसा, पडदो वर जावची वाट बघता.”

तो बिळातच का बसला होता, हे नंतर वाचलं. रात्र ओली असली तरी अंगातलं पाणी जपायचं असतं. अर्धं अंग आत ठेवून समोरून जाणारी मुंगी, कोळी, गोगलगाय टिपता येते. त्याच्या नाकपुडीपासून ओठापर्यंत एक बारीक पन्हळ असते. जमिनीला तोंड लावलं की जमिनीवरचा वास त्या पन्हळीतून वर चढतो. आणि या जातीला डबक्याचीही गरज नाही. अंडी जमिनीतच घालतात, त्यातून बेडूकमासे नाहीत तर पाय फुटलेलीच चिमुकली पिल्लं बाहेर येतात. माझ्या डोक्यातलं ‘उभयचर म्हणजे अर्धं आयुष्य पाण्यात’ हे शाळेतलं वाक्य त्या रात्री गेलं.

एकदा नजर बसली की बसली. पुढच्या तासाभरात आम्ही अकरा मोजले. पानांवरून चालणारे, खोडावर दोन फूट चढलेले, एक तर नुसती शेपूट. एकही दगड हलवला नाही. 1975 मध्ये बर्टन आणि लायकन्स या दोघा शास्त्रज्ञांनी न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलातल्या सॅलॅमँडरांच्या वजनाचा हिशोब मांडला होता. तिथल्या सगळ्या सॅलॅमँडरांचं एकत्रित वजन विणीच्या काळातल्या सगळ्या पक्ष्यांच्या दुप्पट भरलं. म्हणजे आपण जंगलात मान वर करून पाखरं शोधतो आणि त्याहून जास्त जीव पायाखाली बसलेला असतो. जुलैच्या त्या दुपारीही ते सगळे तिथेच होते.

बारावा दिसला तो वाटेच्या कडेला पाणी झिरपणाऱ्या कातळावर. याचेही गाल तांबूस. मी फोटो काढला, जॉर्डन्स म्हणून आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकून ओळख पटवायच्या संकेतस्थळावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अनोळखी माणसांनी माझी चूक दाखवली. तो इमिटेटर निघाला. नावातच नक्कल. जॉर्डन्सची चव म्हणे वाईट असते. लाल गाल बघितले की पक्षी एकदा शिकतात आणि पुन्हा वाटेला जात नाहीत. या दुसऱ्या जातीच्या भिडूने तेच गाल उसने घेतले. ओळखायचं कसं, तर डोळ्यापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत एक फिकट तिरपी रेघ असते आणि मागचे पाय पुढच्यांपेक्षा दांडगे असतात. माझ्या फोटोत दोन्ही स्वच्छ दिसत होतं. मी फक्त गाल बघितले होते. बाबांना सांगितल्यावर ते खूश झाले. “म्हणजे ह्यो सोंग घेवन इल्लो! राजा नाय, राजाचो पार्ट करणारो.”

सप्टेंबरात बाबा परत गेले. जाताना लेकीला म्हणाले, पावसात आंबोलीला ये, तुला पाय नसलेला दाखवतो. आंबोलीत देवगांडुळाची एक जात 2003 मध्ये नव्याने नोंदली गेली. त्यांच्या तोंडी अर्थात हे साल नव्हतं. त्यांच्या मते तो प्राणी तिथे आधीपासूनच होता, आणि त्यात चूक काय?

कॅरीच्या आसपास वेगळा खेळ असतो, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. इथल्या रानात ठिपकेवाला सॅलॅमँडर आहे. वीतभर लांब, काळाभोर, पाठीवर पिवळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी. वर्षभर तो जमिनीखाली, दुसऱ्यांनी खणलेल्या बिळांत राहतो. हिवाळा सरता सरता पहिला उबदार पाऊस रात्री पडला की सगळे एकदम निघतात आणि रानातल्या ठरावीक डबक्यांकडे चालायला लागतात. ही डबकी उन्हाळ्यात आटतात, म्हणून त्यांत मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणून अंडी वाचतात. ओळखीच्या एका बाईंनी मला अशा एका डबक्याशी नेलं. जागा सांगणार नाही. पाळण्यासाठी सॅलॅमँडर पकडून नेणारे लोक असले पत्ते शोधत असतात. जाण्याआधी त्यांनी माझ्या बुटांचे तळ पातळ ब्लीचने धुवायला लावले. उभयचरांना मारणारी बुरशी एका डबक्यातून दुसऱ्यात माणसाच्या बुटांवरून जाऊ शकते. सॅलॅमँडरांच्या अशाच एका बुरशीच्या भीतीने अमेरिकेने 2016 मध्ये त्यांच्या 201 जातींची आयात रोखली.

फेब्रुवारीतली ती रात्र, हवा दहा अंशांच्या आसपास, पाऊस बारीक पण न थांबणारा. डबक्यावर स्प्रिंग पीपर बेडकांचा एवढा गलका की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. पाण्यात दिवा सोडला तर तळाच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले, कापसाचे बारीक तुकडे असावेत तसे. ते नरांनी ठेवलेले शुक्राणूंचे पुंजके. नर आधी पोचतात, ठिपके ठेवतात. माद्या मागून येऊन ते उचलून घेतात. आणि एका बुडालेल्या फांदीला जानेवारीच्या पावसातला अंड्यांचा गोळा चिकटलेला होता, साबुदाण्याची खीर आळून मुठीएवढी व्हावी तसा, पण हिरवट. त्या हिरव्याचं कारण शेवाळ. ते अंड्यांच्या आतच वाढतं आणि पिल्लांना प्राणवायू देतं. 2011 मध्ये छापून आलेल्या संशोधनात तर ते शेवाळ पिल्लांच्या पेशींच्याही आत सापडलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात असं आधी कधी दिसलं नव्हतं. मी त्या गोळ्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे, बोटं बधिर झाली होती.

नऊच्या सुमाराला गाडीकडे आले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे सकाळचे साडेसात. त्यांना फोन धरून ठेवायला सांगितलं आणि रानातल्या अरुंद रस्त्याने हळूच गाडी काढली. दोनशे फुटांवर दिव्यांच्या उजेडात काहीतरी काळं, ओलं दिसलं. थांबले. धोक्याचे दिवे लावून, फोन हातात घेऊन उतरले.

तो रस्त्याच्या मधोमध होता. एक पाय उचलायचा, टेकायचा, थांबायचा. पिवळे ठिपके पावसात लुकलुकत होते. मी फोन खाली धरला.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पयल्या पावसात घाटात असेच बेडूक येयत. सगळो रस्तो भरलेलो. चाळीस माणसां मागे बसलेली, थांबतलो खंय? चाकाखाली किती गेले देवाक म्हायत.” हे त्यांनी मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. मी काही म्हटलं नाही. पाऊस फोनच्या काचेवर पडत होता, मी तो बाहीने पुसत होते.

मागून एक गाडी आली, माझे दिवे बघून थांबली. आतल्या माणसाने काच खाली केली, रस्त्याकडे बघितलं आणि आपलं इंजिन बंद केलं.

“पलीकडे पोचलो?” बाबांनी विचारलं.

शेपूट अजून डांबरावर होती. मग तीही गवतात गेली.

“पोचला.”

“आता घे गाडी. सावकाश.”